घर बघायला सुरुवात कधी करायची? ३७ टक्क्यांचा नियम आणि अकरा महिन्यांचा करार

“घर घ्यायचं हे नक्की. पण बघायला कधीपासून लागायचं?” गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला. मी संख्याशास्त्रात पीएचडी करतेय, घरांचा व्यवहार माझा विषय नाही. पण ‘तू डेटावर काम करतेस ना, मग सांग’ म्हटल्यावर सुटका नसते. तिघांपैकी एक माझी ताई. ती आणि भाऊजी मुलुंड पूर्वेला भाड्याने राहतात. तिचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, म्हणजे मुलुंड ते घाटकोपर लोकल आणि पुढे मेट्रो. पहिलंच घर, शिल्लक बेताची, आणि नुकताच केलेला भाडेकरार अकरा महिन्यांचा.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरं आपल्याकडे फिरत असतात. ब्रोकर म्हणतो, “आजच या, नुसतं बघायला काय जातंय?” घरातली मोठी माणसं म्हणतात, “आधी पैसे जमवा, मग बघा.” दोन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे. कोणाचं कुठवर, हे मोजता येतं का ते या लेखात बघू. संशोधनाची तयारी करताना असा घरगुती प्रश्न हातात घेऊन तो सोलत जाण्याचा सराव फार उपयोगी पडतो. प्रवेश मुलाखतीत ‘तुमचा संशोधन-प्रश्न काय?’ असं विचारतात तेव्हा नेमकं हेच अपेक्षित असतं.

पहिली पायरी अशी: ‘कधी सुरू करायचं’ हा प्रश्न एकटा सोडवता येत नाही. किती बघून थांबायचं आणि त्याला किती दिवस लागतील हे कळलं, की शेवटच्या तारखेपासून मागे मोजत यायचं. म्हणजे मूळ प्रश्न थांबण्याचा आहे. गणितात याला ऑप्टिमल स्टॉपिंग म्हणतात आणि त्यावर गेली साठ-पासष्ट वर्षं भरपूर काम झालंय.

चिठ्ठ्यांचा खेळ

फेब्रुवारी १९६० मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात ‘गूगॉल’ नावाचा खेळ दिला. एकाने चिठ्ठ्यांवर मनाला येतील ते वेगवेगळे आकडे लिहायचे आणि चिठ्ठ्या पिसून पालथ्या ठेवायच्या. दुसऱ्याने एकेक उलटत जायचं आणि ‘हाच सर्वांत मोठा’ असं वाटेल तिथे थांबायचं. सोडून दिलेली चिठ्ठी परत घेता येत नाही. १९६१ मध्ये डेनिस लिंडली यांनी याचं उत्तर शोधनिबंधात मांडलं. पुढे हा प्रश्न ‘सेक्रेटरी प्रॉब्लेम’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

उत्तर असं: पहिल्या सुमारे ३७ टक्के चिठ्ठ्या फक्त बघायच्या, कितीही मोठा आकडा आला तरी घ्यायचा नाही. त्यानंतर आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी अशी पहिली चिठ्ठी दिसली की थांबायचं. ३७ हा आकडा १ भागिले ई, म्हणजे १ भागिले २.७१८ यातून येतो.

हे मोठ्या संख्येसाठी. घरं काही कोणी शंभर बघत नाही, म्हणून दहा घरांचं गणित वहीत करून बघा. समजा पहिली तीन फक्त बघायची. सर्वांत चांगलं घर चौथ्या ते दहाव्यापैकी एखाद्या ठरावीक क्रमांकावर असण्याची शक्यता दहात एक. ते घर सातवं आहे असं धरा. तुम्ही सातव्यापर्यंत पोहोचाल का? आधीच्या सहांतलं सगळ्यात चांगलं घर पहिल्या तिनांत असेल तरच, कारण ते चौथं, पाचवं किंवा सहावं असतं तर तुम्ही तिथेच थांबला असता. ही शक्यता सहात तीन. असंच प्रत्येक क्रमांकासाठी करून बेरीज केली की येतं ३/१० गुणिले (१/३ + १/४ + … + १/९), म्हणजे सुमारे ०.३९९. वीस घरं असतील तर पहिली सात नुसती बघायची आणि यशाची शक्यता ०.३८४.

आता या नियमाची दुसरी बाजू. वीस घरांत पहिली सात सोडायची ठरवली, तर सर्वोत्तम घर त्या सातांतच असण्याची शक्यता ३५ टक्के. तसं झालं तर पुढचं एकही घर त्याच्यावर सरस ठरणार नाही आणि शेवटी विसावं जे येईल ते पदरात. हे करून सर्वोत्तम मिळण्याची शक्यता जेमतेम ३८ टक्के. आयुष्यभराचं कर्ज काढणाऱ्या माणसाला हा सौदा सांगून बघा, काय उत्तर मिळतं ते.

जाता जाता एक गंमत. या प्रश्नाच्या इतिहासात हमखास योहान केप्लरचं नाव निघतं. १६११ मध्ये त्याची पहिली बायको वारली. नंतर त्याने अकरा मुली पाहिल्या आणि १६१३ मध्ये त्यातल्या पाचवीशी लग्न केलं. आपल्या भाषेत ‘स्थळ’ हा शब्द जागेलाही आहे आणि लग्नाच्या प्रस्तावालाही, त्यामुळे मराठी वाचकाला हे साम्य वेगळं समजवायला नको. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या: केप्लर अकरावीपर्यंत गेला आणि मागे वळून पाचवीकडे आला. गार्डनरच्या खेळात हे चालत नाही.

बोरिवलीत चिठ्ठ्या नसतात

कुठलंही मॉडेल हातात आलं की त्याची गृहीतकं एकेक काढून आपल्या गावच्या रस्त्यावर उभी करायची. गूगॉलची मुख्य गृहीतकं चार: एकूण संख्या आधी माहीत आहे, सोडलेलं परत मिळत नाही, आपल्याला फक्त क्रम कळतो (हे त्याहून चांगलं, एवढंच), आणि सर्वोत्तम मिळालं तरच जिंकलो, दुसऱ्या क्रमांकाला शून्य गुण.

शेवटचं गृहीतक आधी काढून टाकू, कारण ते घराच्या बाबतीत उघडच चूक आहे. वीसातलं दुसरं सर्वांत चांगलं घर मिळालं म्हणून कोणी रडत बसत नाही. सरासरी क्रमांक शक्य तितका वरचा यावा असं उद्दिष्ट ठेवलं तर? १९६४ मध्ये चाऊ, मोरिगुटी, रॉबिन्स आणि सॅम्युएल्स यांनी दाखवलं की योग्य नियम वापरला तर निवडलेल्या पर्यायाचा सरासरी क्रमांक ३.८७ च्या पुढे जात नाही, पर्याय वीस असोत की दोन हजार. हा नियम सुरुवातीला कडक असतो आणि दिवस सरत जातील तसा सैल होतो. माणसंही साधारण असंच वागतात. ताईच्या यादीत पहिल्या महिन्यात ‘पूर्वाभिमुख’ होतं, नंतर ते गेलं.

‘सोडलेलं परत मिळत नाही’ हे गृहीतक मात्र घराच्या प्रकारावर ठरतं. घाटकोपरला पंतनगरमध्ये किंवा मुलुंडच्या जुन्या सोसायट्यांमध्ये मोक्याचा रिसेल फ्लॅट विकायला निघाला, तर रविवारी बघितलेला बुधवारपर्यंत राहीलच असं नाही. कोणीतरी टोकन देऊन मोकळा होतो. तिथे गूगॉलचा नियम बराचसा लागू पडतो. उलट बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये एकाच मापाचे तीस-चाळीस फ्लॅट असतात. तिथे तुम्ही केप्लरसारखं परत जाऊ शकता, फार तर मजला बदलेल. परत जाता येत असेल तर जास्त बघून ठरवणं स्वस्त पडतं. त्यामुळे ‘आज बुकिंग केलं तरच हा दर’ हे वाक्य तुम्हाला टॉवरच्या दुनियेतून उचलून चिठ्ठ्यांच्या दुनियेत टाकण्यासाठी असतं, हे ओळखून ठेवा. (म्हाडाच्या सोडतीत तर आधी अर्ज, मग नशीब. तिथे हा सगळा हिशेब बाजूलाच.)

उरलं तिसरं गृहीतक: फक्त क्रम कळतो. माझ्या मते सगळी गोम इथे आहे.

३७ वरून ५८ वर

गूगॉलमध्ये आकडे कुठल्या आवाक्यातले आहेत हेच माहीत नसतं. पाचवी चिठ्ठी ७३० आहे, हा मोठा की लहान? सांगता येत नाही. म्हणून पहिले ३७ टक्के शिकण्यात घालवायचे. पण आकडे कोणत्या वितरणातून येतात हे आधीच माहीत असेल तर? १९६६ मध्ये गिल्बर्ट आणि मोस्टेलर यांनी हे गणित केलं. पर्याय कितीही असले तरी सर्वोत्तम मिळण्याची शक्यता सुमारे ५८ टक्क्यांच्या खाली जात नाही. ३७ आणि ५८ यांच्यातला फरक म्हणजे बाजाराच्या माहितीची किंमत. एवढ्या स्वच्छपणे ती क्वचितच मोजता येते.

नियमही बदलतो. आता ‘फक्त बघायची’ घरं उरतच नाहीत, पहिलं घरसुद्धा घेता येतं, पण ते खरोखर वरच्या दर्जाचं हवं. समोरचं घर आतापर्यंतचं सर्वांत चांगलं आहे आणि अजून पाच बघायची शिल्लक आहेत, तर ते एकूण वितरणाच्या वरच्या साधारण १४ टक्क्यांत बसलं तरच थांबायचं. दोनच शिल्लक असतील तर वरच्या ३१ टक्क्यांत चालेल. एकच शिल्लक असेल तर मध्यकाच्या वर असलं तरी घ्यायचं.

मग हे वितरण कुठून आणायचं? घरं बघून ते कळतं, पण रविवारी फार तर तीन घरं होतात. स्वस्त मार्ग महाराष्ट्रात उपलब्ध आहे आणि पहिलं घर घेणाऱ्या बहुतेकांना तो माहीत नसतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ आहे. तिथे झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक २, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात ती बघता येते. मोबदला किती, बाजारमूल्य किती, क्षेत्रफळ किती, दस्त केल्याची तारीख, नोंदणीची तारीख, सगळं त्यात असतं. शोधताना महसुली गावाचं नाव आणि सीटीएस नंबर लागतो. इथे नवखा माणूस अडतो, कारण बोरिवली पश्चिमेची इमारत कागदावर ‘एक्सर’ गावात असू शकते आणि घाटकोपरची ‘किरोळ’मध्ये. नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर सीटीएस नंबर सापडतो. शिवाय तिथे प्रकल्प पूर्ण करण्याची कबूल केलेली तारीख आणि किती फ्लॅट बुक झाले तेही दिसतं.

ताईला मी एका शनिवारी मुलुंड पूर्वेच्या चार-पाच इमारतींच्या गेल्या बारा महिन्यांतल्या नोंदी एका तक्त्यात भरायला बसवलं. बाराच महिने, कारण वितरण स्थिर नसतं. घाटकोपरचे जून २०१४ च्या आधीचे भाव मेट्रोच्या आधीचे आहेत, आजच्या निर्णयाला त्यांचा उपयोग नाही. भरताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. क्षेत्रफळ काही दस्तांत चौरस मीटरमध्ये असतं (१ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट), आणि जुन्या दस्तांत बिल्ट-अप, नव्यांत रेराच्या व्याख्येचं कार्पेट. दोन्ही एकत्र मिसळले तर सरासरीला काही अर्थ राहत नाही. आणि रिसेलमध्ये काही व्यवहारांतला रोखीचा भाग कागदावर येत नाही, त्यामुळे मोबदल्याचा आकडा खालच्या बाजूला झुकलेला असू शकतो. मोजमापातली त्रुटी कोणत्या दिशेला आहे हे माहीत असेल तर तिच्यासकट काम करता येतं.

हे सगळं घर बघायला जाण्याच्या आधी करायचं, त्याला आणखी एक कारण आहे. १९८७ मध्ये नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी अमेरिकेत टुसान शहरात एक प्रयोग केला. एकच घर विद्यार्थ्यांना आणि व्यावसायिक एजंटांना दाखवलं, फक्त माहितीपत्रकावरची मागणीची किंमत वेगवेगळी ठेवली. जास्त किंमत वाचलेल्यांनी घराचं मोल जास्त केलं. एजंटसुद्धा त्यातून सुटले नाहीत. म्हणजे ‘नुसतं बघायला काय जातंय’ याचं उत्तर: पहिल्या घराची मागणी ऐकली की तो आकडा डोक्यात खुंटीसारखा बसतो आणि पुढची घरं त्याच्याशी तोलली जातात. ब्रोकर पहिल्यांदा कुठलं घर दाखवतो ते जरा बारकाईने बघा. खुंटी बसणारच असेल तर ती सूची क्रमांक २ च्या मध्यकाची असू दे.

अकरा महिन्यांचं घड्याळ

एकूण घरं किती बघायला मिळतील हे आधी कोणालाच माहीत नसतं. या अडचणीवर एफ. थॉमस ब्रुस यांनी १९८४ मध्ये सुंदर तोडगा काढला: घरांची संख्या सोडा, वेळ मोजा. पर्याय एका ठरावीक कालावधीत साधारण सारख्या गतीने येत असतील तर कालावधीचे पहिले ३७ टक्के बघण्यात घालवा, नंतर आतापर्यंतच्या सगळ्यांहून चांगलं असं पहिलं घर घ्या. संख्या माहीत नसूनही यशाची शक्यता ३७ टक्क्यांच्या खाली जात नाही.

मुंबईत भाड्याने राहणाऱ्याचा कालावधी लिव्ह अँड लायसन्सच्या कराराने ठरवून दिलेलाच असतो. अकरा महिन्यांचे ३७ टक्के म्हणजे चार महिने. पण थांबा, अकरा महिने पूर्ण हातात नाहीत. रिसेल फ्लॅटचं टोकन दिल्यापासून किल्ली मिळेपर्यंत बँकेची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी, सोसायटीचं ना-हरकत पत्र, नोंदणी, असे दोन-तीन महिने सहज जातात. म्हणून निवड आठव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत व्हायला हवी. आठचे ३७ टक्के म्हणजे तीन. करार झाल्याझाल्या पहिले तीन महिने बघायचं, चौथ्यापासून आठव्यापर्यंत घ्यायच्या तयारीने बघायचं. करार संपायला तीन महिने उरले असताना जो बघायला निघतो त्याच्याकडे शिकायला वेळच नसतो. त्याला एक तर वाढीव भाड्याने करार पुन्हा करावा लागतो, नाहीतर मिळेल ते घ्यावं लागतं.

आणि आठ महिने असूनही लोक घाई करतात. सील आणि रॅपोपोर्ट यांनी १९९७ मध्ये प्रयोगशाळेत लोकांना गूगॉलसारखा खेळ खेळायला दिला, तर माणसं गणितापेक्षा लवकर थांबली. याचं एक कारण शोधण्याचा खर्च, जो मूळ मॉडेलमध्ये शून्य धरलाय. आठवडाभर लोकलचा प्रवास करून रविवारी उन्हात अंधेरी ते बोरिवली घरं बघत फिरलं की कळतं तो शून्य नाही. तेव्हा ३७ हा आकडा वरची मर्यादा समजा. भावांचा अभ्यास आधीच झाला असेल तर शिकण्याचे तीन महिने दीडवर आले तरी बिघडत नाही. भिंतीची ओल, पाण्याचा दाब, रात्री खालून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज या गोष्टी सूची क्रमांक २ मध्ये नसतात, त्यांच्यासाठी पायपीट हवीच.

मोठ्या माणसांचं ‘आधी पैसे’

आता दुसऱ्या उत्तराकडे. घ्यायच्या तयारीने बघण्याच्या टप्प्यावर पैशाचा हिशेब पक्का नसेल तर सगळं गणित वाया, कारण आवडलेल्या घरासमोर तुम्हाला थांबताच येणार नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचं कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, ३० ते ७५ लाखांचं ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांच्या वरचं ७५ टक्क्यांपर्यंत. यातून एक मजेदार कोपरा तयार होतो. ९३.७५ लाखांच्या घराला ८० टक्क्यांनी ७५ लाख कर्ज बसतं. एक कोटीच्या घराला ७५ टक्क्यांनी, तेही ७५ लाखच. म्हणजे या दोन किमतींच्या मधला सव्वासहा लाखांचा प्रत्येक रुपया तुमच्या खिशातून. “अजून पाच लाखांनी काय फरक पडतो, हप्ता थोडा वाढेल” हे वाक्य या पट्ट्यात साफ खोटं आहे, कारण हप्ता वाढतच नाही. वाढते ती रोख रक्कम. (अर्थशास्त्रातल्या विद्यार्थ्यांनो, अशा कोपऱ्यांवर व्यवहार गोळा होतात का, हा सूची क्रमांक २ वर तपासता येण्याजोगा प्रश्न आहे. मला वेळ नाही, तुम्ही घ्या.)

शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कर्जाच्या हिशेबात धरत नाहीत. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत, नोंदणी शुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये. एक कोटीच्या तयार घराला स्वतःचे २५ लाख अधिक सहा लाख तीस हजार. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, आणखी पाच लाख. ब्रोकरेज वेगळं.

बँकेचं मंजुरीपत्र साधारण तीन ते सहा महिने चालतं. पहिल्याच महिन्यात काढलं तर निवडीच्या ऐन वेळी संपतं. तिसऱ्या महिन्यात काढलं तर चौथ्या ते आठव्याला पुरतं. तेव्हा मोठी माणसं बरोबर आहेत, पण फक्त दुसऱ्या टप्प्यापुरती. पहिल्या टप्प्यात तुमच्याकडे मंजुरीपत्र नसलेलंच बरं. खिशात मंजुरीपत्र असलं की शिकायला गेलेला माणूस टोकन देऊन परत येतो. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार न करता बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हे माहीत असावं. पण एक कोटीचे १० टक्के म्हणजेही दहा लाख होतात.

जे विकत घेत नाहीत त्यांची नोंद कुठे?

हे सगळं प्रत्यक्ष डेटावर तपासायचं ठरवलं तर? ‘लवकर बघायला लागणाऱ्यांना चांगलं घर मिळतं का?’ हा पीएचडीचा नाही तरी एमएस्सीच्या प्रकल्पाचा विषय नक्की आहे. आणि इथे पहिलीच ठेच लागते: बघायला सुरुवात केल्याची तारीख कुठल्याही सरकारी कागदावर नसते. दस्ताची तारीख असते, नोंदणीची असते.

नोंदणीच्या तारखेवर किती विसंबायचं याचं उत्तम उदाहरण २०२० चं. कोविडनंतर बाजार उठावा म्हणून राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क मुंबईत ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं, आणि पुढे मार्च २०२१ अखेरपर्यंत ३ टक्के ठेवलं. एक कोटीच्या घरावर पहिल्या टप्प्यात तीन लाखांची बचत. डिसेंबरमध्ये नोंदणीसाठी झुंबड उडाली. पण नोंदणी कायद्यात दस्त केल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करण्याची मुभा आहे, त्यामुळे डिसेंबरमध्ये शुल्क भरून सही केलेले दस्त पुढच्या महिन्यांतही नोंदले गेले. महिनावार नोंदणीचा आलेख काढून ‘अमुक महिन्यात लोकांनी घरं घेतली’ असं लिहिलं तर ते चुकेल. घेतलेलं घर आणि नोंदलेलं घर यांत महिन्यांचं अंतर असतं आणि सवलतीच्या काळात ते अंतर स्वतःच बदलतं. सुदैवाने सूची क्रमांक २ मध्ये दोन्ही तारखा आहेत, अंतर मोजता येतं.

लोकांना प्रश्नावली देऊन विचारलं तर? घर घेतलेल्यांना ‘बघायला कधी लागलात’ विचारलं की त्यांना शेवटी घेतलेल्या घराच्या आसपासचे दिवस ठळक आठवतात, आधीचे पुसट. त्याहून मोठी अडचण म्हणजे दोन वर्षं घरं बघून कंटाळून डोंबिवलीला गेलेले किंवा भाड्यानेच राहिलेले तुमच्या नमुन्यात येतच नाहीत. फक्त यशस्वी खरेदीदार मोजले तर शोध प्रत्यक्षापेक्षा छोटा दिसणार. वैद्यकीय संशोधनात अभ्यास संपेपर्यंत ज्यांच्या बाबतीत घटना घडलेलीच नाही अशा रुग्णांचा हिशेब ठेवण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्याच इथे लागतील. योग्य नमुना हवा असेल तर आज भाडेकरार करणाऱ्यांना गाठून पुढचे अकरा महिने त्यांच्या मागे राहायला हवं. हे महाग आहे, म्हणून फारसं कोणी करत नाही.

पितृपक्ष आणि पाऊस

शेवटचा मुद्दा ऋतूचा. न्गाई आणि टेनरेरो यांचा २०१४ चा एक गाजलेला निबंध आहे. ब्रिटन आणि अमेरिकेत उन्हाळ्यात घरांचे व्यवहारही जास्त होतात आणि किमतीही वर असतात, कारण बाजारात घरं जास्त असली की मनासारखं सापडण्याची शक्यता वाढते आणि लोक त्यासाठी जास्त मोजायला तयार होतात. आपल्याकडे त्या उन्हाळ्याची जागा गुढीपाडवा आणि दसरा-दिवाळीने घेतली आहे. पर्याय भरपूर, भाव घट्ट. याच्या उलट टोकाला पितृपक्ष. टोकन द्यायला बहुतेक घरांत नको म्हणतात, पण घर बघायला कुठल्याच शास्त्राने मना केलेलं नाही. त्या पंधरवड्यात ब्रोकरला वेळ असतो, मालकाला गिऱ्हाईक हवं असतं, आणि तुम्हाला शिकायचंच असतं.

त्याहून महत्त्वाचा पाऊस. ताईचा करार मार्चमध्ये झाला, म्हणजे तिचे बघण्याचे तीन महिने मार्च ते मे, कोरडे ठणठणीत. मेमध्ये सगळ्या भिंती छान दिसतात, नुकता रंग दिलेल्या तर फारच. म्हणून तिच्या यादीतली सर्वांत वरची तीन घरं जूनच्या शेवटी पुन्हा बघायची असं आम्ही ठरवलं आहे, तेही दोन दिवस सलग पाऊस लागल्यावर. वरच्या मजल्याच्या घरात छताचे कोपरे आणि खिडकीखालची भिंत हाताने चाचपायची, बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल आहे का बघायचं, तळमजल्यावर पार्किंगमध्ये पाणी कुठवर चढलं होतं ते वॉचमनला विचारायचं. आणि अंधेरी सबवे बंद असेल त्या दिवशी तिने ऑफिस ते नवं घर हा प्रवास एकदा करून बघायचा, संध्याकाळी साडेसहाला.